माऊस ड्रॉवरमध्ये टाका, भाऊ

पत्र:

ताई, स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे. वय 51. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे नजर गेली पंधरा वर्षं उतरत आली आहे. आधी फक्त रात्रीचं दिसेना. आता दिवसाही नळीतून बघितल्यासारखं थोडंसं दिसतं, तेही उजेड चांगला असला तर. मुलगी पुण्यात आयटीत आहे. दिवाळीत आली तेव्हा तिने घरच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर, टाकून दिलं आणि चार दिवस शिकवलं. चौथ्या दिवशी आमचं भांडण झालं. ती म्हणाली, ‘बाबा, सोपं तर आहे.’ मी म्हणालो, ‘तुला सोपं आहे.’ तो आवाज इतक्या घाईत इंग्रजी बोलतो की काही उमगत नाही. मराठी पत्र उघडलं की गप्प बसतो. वेबसाईटवर गेलं की ‘क्लिकेबल, क्लिकेबल’ म्हणत राहतो. एके काळी टायपिंगच्या मशीनवर मिनिटाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांची परीक्षा पास झालेला माणूस मी, आता एक फाईल उघडायला अर्धा तास लागतो. ऑफिसातले हितचिंतक सांगतात, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाका आणि आराम करा. या वयात हे जमेल का? विकतचं चांगलं सॉफ्टवेअर घेतलं तर लवकर जमेल का? की क्लास लावू?

– आपला एक वाचक

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

संगणकाचं नंतर बोलू. आधी तो अर्ज. टाकला नसेल तर टाकू नका, आणि लिहून ठेवला असेल तर फाडा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याचं कलम 20, पोटकलम 4 कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे खास निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवावं लागतं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत. हितचिंतकांना हे कलम माहीत नसावं असं आपण धरून चालू. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर या महिन्यात काढा. त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

आता लॅपटॉप. तुमचं पत्र मी दोनदा ऐकलं. त्यात तुम्ही न मागितलेली एक माहिती दिली आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: मशीनवर मराठी 30, इंग्रजी 40. भाऊ, टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर कळांकडे बघू देत होते का? आमच्याकडे तर हातांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवायचे. म्हणजे न बघता बोटं चालवायला तुम्ही विशीतच शिकलात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहातल्या नऊ जणांचे पहिले दोन महिने कीबोर्ड पाठ करण्यात जातात, ते तुमचे वाचले. तुमची अडचण वेगळीच आहे आणि ती दुहेरी आहे. तुम्हाला अजून थोडं दिसतं, आणि तुमची मुलगी प्रेमळ आहे.

मनाला लावून घेऊ नका, समजावून सांगते.

नळीएवढी नजर उरलेला माणूस लॅपटॉपसमोर बसला की काय करतो? नाक स्क्रीनला लावतो आणि माऊसचा बाण शोधतो. बाण हलवून हलवून सापडतो, तोवर आवाज चार वाक्यं पुढे गेलेला असतो. मग आवाज काय म्हणाला ते कळत नाही, बाणही पुन्हा हरवतो, डोकं दुखतं ते वेगळंच. डोळा आणि कान दोघंही एकाच वेळी पुढे बसायला बघतात आणि गाडी जागची हलत नाही. मला हे सांगायचा अधिकार आहे, कारण मी स्वतः तीन वर्षं हेच केलं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसणारा एक पट्टा मला सोडवत नव्हता. तो पट्टा गेला त्या वर्षी मी खरी शिकले. तुम्ही त्याची वाट बघू नका. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन कर्टन’ नावाची सोय आहे. ती चालू केली की पडदा पूर्ण काळा होतो आणि आवाज मात्र चालू राहतो. रोज सरावाच्या वेळेपुरती ती लावा. उरलेली नजर फुलझाडं, नातेवाईक आणि जेवणाचं ताट बघायला ठेवा.

(याच सोयीचा मला एक फायदा झाला. रेल्वेत मी काळ्या पडद्याच्या लॅपटॉपवर टाईप करत असते. एकदा शेजारच्या काकूंनी हळूच सांगितलं, ‘बाई, तुमचा कॉम्प्युटर बंद आहे.’ म्हटलं, असू दे, मला तसाच आवडतो.)

दुसरी अडचण मुलीची. ती शिकवताना काय म्हणत असेल ते न ऐकता मला माहीत आहे. ‘वर उजवीकडे जा.’ ‘ते निळं दिसतंय ना, त्याच्या खाली.’ ‘थांबा, मीच करते.’ आणि मग माऊसचा टिचकन आवाज. तिची चूक नाही. तिला संगणक भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा दिसतो, एका नजरेत सगळा महिना. आपल्याला तो कीर्तनासारखा येतो, एकामागून एक, बुवा म्हणतील त्या क्रमाने. त्यात वर-खाली, डावं-उजवं असं फारसं काही नसतं. पुढचं आणि मागचं असतं. टॅब दाबलं की पुढचं, शिफ्ट धरून टॅब दाबलं की मागचं. तिने तुम्हाला स्वतःचा रस्ता दाखवला आणि तुम्ही त्या रस्त्याने चालू शकत नाही, म्हणून दोघांनाही वाटलं की तुम्हाला जमत नाही.

म्हणून पहिलं काम: माऊस ड्रॉवरमध्ये टाका. लॅपटॉपवर बोट फिरवायची पट्टी असते तीही सेटिंगमधून बंद करून घ्या, नाहीतर अंगठा लागून भलतंच काहीतरी उघडतं. मुलीला फोन करून सांगा की एका ताईंनी तुला एक महिना शिकवायला मनाई केली आहे. त्याऐवजी तिने एक करावं. स्वतःच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए घालावं, स्क्रीन बंद करावी आणि एक ईमेल पाठवून दाखवावं. त्यानंतर तुमचं पुन्हा भांडण होणार नाही, याची मी हमी घेते.

विकतच्या सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगते. घेऊ नका. जॉज नावाचं प्रसिद्ध स्क्रीन रीडर आहे, चांगलं आहे, महाग आहे. टेड हेंटर नावाचा अमेरिकन मोटरसायकल शर्यतपटू 1978 मध्ये अपघातात अंध झाला, त्याच्या कंपनीने ते बनवलं. मी त्यावरच शिकले, पण पैसे भरून नाही. पैसे न भरता ते चाळीस मिनिटं चालायचं आणि मग बंद पडायचं. पुन्हा हवं असेल तर संगणक बंद करून चालू करायचा. माझी शाळा चाळीस-चाळीस मिनिटांच्या तासांची होती. मधल्या वेळात मी चहा टाकायचे. तेव्हा दुसरा पर्याय नव्हता, आज आहे. 2006 मध्ये मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतलं. अंध माणसाला संगणक वापरण्यासाठी डोळस माणसापेक्षा जास्त पैसे का पडावेत, हा त्यामागचा सरळ प्रश्न होता. ते आजही फुकट आहे, आणि ऑफिसच्या कामाला कुठेही कमी पडत नाही. विंडोजमध्येच असलेला नॅरेटरही आहे. विंडोजची कळ, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की तो बोलू लागतो. तो स्टेपनीसारखा ठेवा. एनव्हीडीए रुसलं तर कामाला येतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर साधा, मोठा, वेगळा कीबोर्ड घ्या, उजवीकडे आकड्यांचा चौकोन असलेला. लॅपटॉपच्या कळा सपाट आणि चिकटून असतात, इन्सर्ट कुठे कोपऱ्यात लपवलेली असते. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो, आकड्यांमध्ये 5 वर असतो, तेवढी खूण पुरते. मी आणखी तीन ठिकाणी टिकल्या चिकटवल्या आहेत, इन्सर्ट, डिलीट आणि एफ 7 वर. दर दोन-तीन महिन्यांनी बदलते. घरात टिकल्यांचं पाकीट असेलच.

आता आवाजाची घाई. तो घाईत बोलतो कारण तुम्ही त्याला हळू बोल म्हणून सांगितलेलं नाही. एनव्हीडीएची स्वतःची एक मुख्य कळ असते, बहुतेकदा इन्सर्ट. लॅपटॉपवर कॅप्स लॉकलाही ते काम देता येतं. पुढे मी ‘इन्सर्ट’ म्हणेन तेव्हा ती कळ समजा. इन्सर्ट आणि कंट्रोल धरून व्ही दाबा. आवाजाचं सेटिंग उघडेल. त्यात वेगाच्या जागी टॅबने जा आणि बाणाच्या कळेने खाली आणा, अगदी लहान मुलाला गोष्ट सांगतात इतका हळू. लाज वाटून घेऊ नका. दोन महिन्यांनी तुम्हीच वाढवाल. आज माझा आवाज इतका पळतो की घरी येणाऱ्यांना भांडण चाललंय असं वाटतं.

त्याच खिडकीत मराठीच्या गप्प बसण्याचा इलाज आहे. तुमच्या मुलीने बहुधा मायक्रोसॉफ्टचा इंग्रजी आवाज ठेवला असेल. त्याला देवनागरी येत नाही. अनोळखी अक्षर दिसलं की तो सोडून पुढे जातो. इन्सर्ट आणि कंट्रोल धरून एस दाबा, बोलणारं यंत्र निवडायची यादी येईल. त्यात ईस्पीक एनजी घ्या. मग पुन्हा व्हीच्या खिडकीत जाऊन आवाज म्हणून मराठी निवडा. आधीच सांगते, हा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे. जोडाक्षरं चावतो. ऐकून तुम्हाला वाटेल की याच्यापेक्षा गप्प बसणं बरं होतं. पंधरा दिवस द्या. बाजारात हजार माणसांतून आपल्या भाजीवाल्याची हाक ओळखू येते, तसा तो कानाला ओळखू येऊ लागतो. पुढे गोड आवाजांच्या मागे लागायचं तर लागा, पण घाईत काम उरकताना मी अजून ईस्पीकवरच येते.

आणि सगळ्यात उपयोगाची कळ कोणती विचाराल तर कंट्रोल. नुसती कंट्रोल दाबली की बडबड थांबते. नवशिक्याला कुणी हे पहिल्या दिवशी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं. तुम्ही त्या आवाजाचं सगळं म्हणणं ऐकून घेत बसता, साहेबांचं भाषण असल्यासारखं. तो तुमचा साहेब नाही. मध्येच तोडा. पहिला शब्द ऐकून नको असेल तर पुढे जा. आम्ही मंडळी यंत्राचं फार तर निम्मं बोलणं पुरतं ऐकतो, बाकीचं अर्ध्यावर कापतो.

आवाज एकदम गेलाच तर घाबरून लॅपटॉप बंद करू नका. कंट्रोल आणि ऑल्ट धरून एन दाबा. एनव्हीडीए पुन्हा सुरू होतं. आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं तर इन्सर्ट धरून टी, तो खिडकीचं नाव सांगेल. इन्सर्ट धरून टॅब, आत्ता कशावर उभे आहात ते सांगेल. तरीही गोंधळ मिटला नाही तर विंडोज आणि डी, थेट डेस्कटॉपवर. हरवलेल्या माणसाने एस.टी. स्टँडवर परत यावं तसं. माझा पहिला महिना डेस्कटॉपवर परत येण्यातच गेला.

आता पहिला आठवडा. इंटरनेट नाही, ईमेल नाही, ऑफिसची फाईल नाही. इन्सर्ट धरून 1 दाबा. याने कीबोर्डचा सराव चालू होतो. यात कुठलीही कळ दाबली तरी ती काही करत नाही, फक्त आपलं नाव सांगते, आणि काही कळा दाबल्यावर त्यांचं कामही सांगते. वीस मिनिटं नुसती बोटं फिरवा. तुमची जुनी बोटं ओळख पटवून घेतील. पुन्हा इन्सर्ट आणि 1 दाबलं की सराव बंद. हे दाबायला विसरलात तर ‘काहीच चालत नाही’ म्हणून मुलीला फोन जाईल. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून तो एकदा जातोच.

मग नोटपॅड. विंडोजची कळ दाबा, इंग्रजीत नोटपॅड टाईप करा, एंटर. रोज अर्धा तास काहीही लिहा. वाण्याची यादी लिहा, बदलीच्या ऑर्डरवरचा राग लिहा. मग बाणांनी त्यात फिरा. डावा-उजवा बाण एकेक अक्षर सांगतो, कंट्रोल धरला तर एकेक शब्द, वर-खाली एकेक ओळ. होमने ओळीच्या सुरुवातीला, एंडने शेवटी. टाईप करताना अक्षर बोलावं की शब्द, हे इन्सर्ट 2 आणि इन्सर्ट 3 ने ठरतं. मी सुरुवातीला दोन्ही चालू ठेवायला सांगते आणि हात बसला की अक्षर बंद. मुद्दाम चुका करा आणि त्या शोधून काढा. चूक शोधता आली की संगणक आला, असं माझं मत आहे. बाकी सगळं त्याचाच विस्तार.

मराठी टायपिंगसाठी मात्र तुम्हाला एक जुनी सवय मोडावी लागेल. मशीनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत जसं बोलतो तसं टाईप करायचं, आधी अक्षर, मग वेलांटी. कानाने काम करणाऱ्याला हेच सोयीचं. आणि मांडणी आपल्या बाराखडीला धरून आहे. काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क जिथे आहे तिथेच शिफ्ट धरला की ख. ग वर घ, त वर थ, प वर फ. उंचवटा असलेल्या एफवर पहिली वेलांटी येते आणि जेवर र. ‘सांगली’ लिहायची तर एम, ई, एक्स, आय, एन, आर. एकदा बोटांत बसलं की इंग्रजी अक्षरं आठवायचीही गरज नाही. विंडोज आणि स्पेस दाबून मराठी-इंग्रजी बदलता येतं. जुन्या मशीनची मांडणी युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकाच्या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीतही, मिळते आणि तुमची बोटं तिकडेच ओढतील. पण ती वेलांटी आधी उमटवणारी भानगड कानाला फार त्रास देते. महिनाभर चिडाल, मग सुटाल.

ऑफिसच्या फाईलींत आणखी एक खड्डा आहे, तो आधी दाखवून ठेवते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची पत्रं शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये असतात. डोळ्याला ती मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून देवनागरीचा मुखवटा. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. म्हणून ‘विषय’ या शब्दाच्या जागी काहीतरी खरखर ऐकू येते. त्यात तुमचा दोष नाही, आवाजाचाही नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात. ते काम ऑफिसातल्या एखाद्या तरुण लिपिकाला प्रेमाने सांगा. दुसरा खड्डा स्कॅनचा. पत्र टाईप करायचं, छापायचं, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचं आणि त्याची पीडीएफ पाठवायची, ही आपली सरकारी पद्धत. अशी पीडीएफ म्हणजे फोटो. स्क्रीन रीडरला तो कोरा कागद. ती गुगल ड्राईव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली तर मराठी अक्षरं बऱ्यापैकी सुटी होतात. पण रोजची पत्रं तरी मूळ वर्ड फाईलसकट पाठवा, असं तुमच्या टेबलाशी संबंध येणाऱ्यांना लेखी कळवून ठेवा. तोंडी सांगितलेलं दोन दिवस टिकतं.

वर्डमध्ये फार काही सांगायचं नाही, नोटपॅड आलं की ते येतं. एक्सेलला लोक घाबरतात, मला ते वर्डपेक्षा सोपं वाटतं. तिथे प्रत्येक घराला पत्ता असतो. बाण दाबला की घरातला मजकूर आणि मग ‘बी 7’ असं काही ऐकू येतं. कॅशबुकाचे उभे-आडवे रकाने आयुष्यभर सांभाळलेल्या माणसाला तिथे हरवायचं कारण नाही.

वेबसाईट दुसऱ्या महिन्यात. तिथे टॅब दाबत बसू नका. पानावर असताना एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर, के दाबलं की पुढच्या लिंकवर, बी ने बटणावर, ई ने लिहायच्या चौकटीवर. शिफ्ट धरला की तेच उलट. इन्सर्ट धरून एफ 7 दाबा, सगळ्या लिंका किंवा मथळे यादीत येतात. नाव टाईप करा, तिथे पोचा. चौकटीत लिहायला लागलात आणि अक्षरं उमटायच्या ऐवजी पानच इकडेतिकडे उड्या मारायला लागलं, तर इन्सर्ट आणि स्पेस दाबा. वाचायची आणि लिहायची अशा दोन अवस्था असतात, त्यातली बदलते आणि बारीकसा आवाज होतो. तो आवाज ओळखायला शिका. माझ्या विद्यार्थ्यांची निम्मी ‘वेबसाईट बिघडली’ तक्रार इथेच मिटते.

उरलेली निम्मी मिटत नाही, कारण वेबसाईट खरोखरच बिघडलेली असते. ‘क्लिकेबल, क्लिकेबल’ म्हणजे बनवणाऱ्याने ती जागा दाबता येईल अशी केली, पण तिला धड बटण किंवा लिंक बनवलेलं नाही, एवढंच. बिचारा आवाज सांगतोय की इथे काहीतरी दाबता येतं, काय ते मलाही ठाऊक नाही. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा म्हणणारे कॅप्चा तसेच. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं, आणि केवायसीची पद्धत अंध व्यक्तींना वापरता येईल अशी करायचे आदेश दिले. कागदावरून स्क्रीनवर यायला त्याला वेळ लागतोय. तोवर कॅप्चासाठी शेजारच्याला हाक मारा, त्यात कमीपणा नाही. मात्र पासवर्ड आणि ओटीपी कुणाला सांगू नका. पासवर्डच्या चौकटीत एनव्हीडीए फक्त ‘स्टार, स्टार’ म्हणतं, पण फोनवर आलेला ओटीपी मात्र मोठ्याने वाचला जातो. म्हणून इअरफोन, आणि तोही एकाच कानात. दुसरा कान घरासाठी, ऑफिसात कोण मागे येऊन उभं राहिलंय त्यासाठी.

क्लास लावू का, असं विचारलंत. लावा, पण साधा संगणक क्लास नको. तिथेही सर ‘इथे क्लिक करा’च म्हणणार. मुंबईत नॅब म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड 1952 पासून आहे, सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिबाधितांसाठीचं रिसोर्स सेंटर आहे, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. फोन करून विचारा की नोकरी करणाऱ्यांसाठी शिकवणी कधी असते. मुलगी पुण्यात आहे, तर आठ-पंधरा दिवस रजा काढून तिच्याकडे राहा. त्या पंधरा दिवसांत शिकण्याइतकंच महत्त्वाचं काहीतरी घडेल. तुमच्यासारखीच, तुमच्याच वयाची माणसं खटाखट टाईप करताना ऐकू येतील. मला त्याचा उपयोग कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त झाला. अंध झाल्यावर माझ्या साहेबांनी मला टेलिफोनवर बसवलं होतं, दुसरं काय जमणार म्हणून. तिथून कर्जाच्या टेबलावर मी परत गेले ती एका वर्गमैत्रिणीच्या कीबोर्डचा आवाज ऐकून. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि तिला माझी दया वगैरे अजिबात येत नव्हती.

या वयात जमेल का, याचं उत्तर मी द्यायचं राहिलं. माझा सगळ्यात मोठा विद्यार्थी 74 वर्षांचा आहे, निवृत्त तलाठी. तो सुगम्य पुस्तकालयातून पुस्तकं उतरवतो. अंध वाचकांसाठीचं हे ऑनलाईन ग्रंथालय 2016 पासून आहे. त्याला शिकायला दीड वर्ष लागलं. तुम्हाला इतकं लागणार नाही, पण तीन महिन्यांत सगळं येईल असंही मी म्हणणार नाही. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, सकाळी. संध्याकाळी ऑफिसातून दमून आल्यावर हा आवाज ऐकलात तर लॅपटॉप फेकून द्यावासा वाटेल.

गृहपाठ एवढाच. पुढचं पत्र मला नोटपॅडमध्ये स्वतः टाईप करून पाठवा, मराठीत, इनस्क्रिप्टने. चार ओळी असल्या तरी चालतील. त्यातल्या चुका मुलीला दुरुस्त करू देऊ नका, मला त्या तशाच हव्यात. आणि लिहिता लिहिता मध्येच कंट्रोल आणि एस दाबत जा. माझं पहिलं पत्र चाळीसाव्या मिनिटाला गेलं होतं. आठ ओळी झाल्या होत्या, भाऊ.

– तुमची ताई